जावयाला मिळालेली पिशवी

शिंपीकाका सणासुदीला भेटवस्तू विकत आणत नसत. वर्षभराच्या उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवून ते घरातल्या प्रत्येकाला एकेक देत. "दुकानातून काय, कुणीही आणतं!" हे वर ऐकवत.

यंदा जावयाने आपली पिशवी उलगडली आणि तो पांढराफटक पडला.

"बाबा, ही माझी पँट आहे."

"कुठली पँट?"

"लांबी कमी करायला दिलेली. उद्या मुलाखत आहे माझी!"

काकांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या कपड्याला चुकीची कात्री लावली नव्हती. आणि लावली ती थेट जावयाच्या पँटला! पिशवीला खिसा आयता कसा मिळाला, हे त्यांना आत्ता उमगलं.

"अहो, डोळे कुठे गहाण ठेवले होते?" काकू ओरडल्या.

"चिंध्यांच्या गाठोड्यावर तूच ठेवलीस ना ती!"

पण भांडायला सवड नव्हती. काकांनी कपाटातून स्वतःची एकुलती एक नवी पँट काढली आणि टेप घेऊन जावयाच्या कमरेशी वाकले.

"माप खुशाल घ्या, बाबा," जावई कसाबसा म्हणाला, "कात्री मात्र माझ्याकडे राहू द्या."