बुडालेल्या जहाजाचा मागचा अर्धा भाग

आमच्या कामात वर्षातले बहुतेक दिवस काहीच सापडत नाही, त्यामुळे माणसं बोलतात फार. अकरा वर्षांत माझ्याकडे सोन्यापेक्षा किस्सेच जास्त साठले. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला जुन्या मित्रमंडळींकडे गेले की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "मेधा, काढ गं एखादा." मग मी बॉम्बचा सांगते, कारण त्यावर लोक हसतात. बाकीचे सहसा सांगत नाही.

आधी हे सांगते की मी तिथे पोचले कशी. मी मूळची नागपूरची. जिओफिजिक्स शिकले, ह्यूस्टनच्या एका ऑइल कंपनीत समुद्राच्या तळाचे सर्व्हे करायचे. लेऑफ झाला. फ्लोरिडाच्या टोकाला बेटांची एक लांब रांग आहे, फ्लोरिडा कीज. तिथल्या एका छोट्या कंपनीला तळाचा डेटा वाचणारं कुणीतरी हवं होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले.

कंपनी शोधत होती एक स्पॅनिश जहाज. काही शतकांपूर्वी वसाहतींतली चांदी आणि सोनं भरून स्पेनला निघालेलं, वादळात खडकावर आपटून दोन तुकडे झालेलं. पुढचा तुकडा सापडला होता. मागचा, ज्यात खजिना आणि मोठी माणसं असायची, तो नव्हता. त्या पाण्यात शोधायचा हक्क कोर्टाने आमच्या कंपनीला दिला होता.

बोटीवर आम्ही चौघं. कॅप्टन वॉल्ट सत्तरीचा, सव्वीस वर्षं याच जहाजामागे. डॅनी आणि रोझा हे दोघं डायव्हर. डॅनी ओहायोचा, तिशीतला. रोझा चाळिशीची, सहा वर्षांची असताना क्युबाहून आलेली. आणि मी, जिला पोहता येत नव्हतं.

हे मी इंटरव्ह्यूतच सांगून टाकलं होतं. वॉल्ट म्हणाला, "छान. म्हणजे तू बोट सोडून जाणार नाहीस."

*

तर तो बॉम्बचा किस्सा. बोटीमागे केबलने एक यंत्र ओढत न्यायचं असतं, त्याला आम्ही मॅग म्हणतो. मॅगला सोनं कळत नाही, चांदी कळत नाही, फक्त लोखंड कळतं. म्हणून आम्ही खजिना शोधतच नसतो. खिळे, नांगर, तोफा शोधत असतो. शुगर लँडचे देशपांडे काका म्हणाले होते, "म्हणजे भंगारवालीच झालीस की तू!" खोटं नव्हतं ते.

पहिल्याच सीझनला माझ्या स्क्रीनवर एवढा मोठा आकडा आला की मी खुर्चीतून उठले. तोफच असणार, मी म्हटलं. बोटीच्या पंख्यांमागे दोन वाकडे पाइप सोडायचे, म्हणजे पाण्याचा झोत सरळ खाली जातो आणि वाळू उडते. दोन दिवस वाळू उडवली. डॅनी खाली गेला आणि लगेच वर आला. मास्क काढून अगदी शांतपणे म्हणाला, "मेधा, तू आजवरची सगळ्यात मोठी गोष्ट शोधलीस. आता सगळ्यांनी हळू बोला."

दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानं बॉम्ब टाकायचा सराव करायची. त्यातला एक न फुटता पडून होता.

शुगर लँडला मी इथे थांबते. पुढचं असं की बॉम्ब काढता येण्यासारखा नव्हता. नेव्हीने तो जागच्या जागी उडवला. आम्ही परत गेलो तर पाण्यावर मासे पसरले होते आणि त्यांच्यात एक कासव होतं, जिवंत. रोझाने पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, श्वास घेता यावा म्हणून. बराच वेळ धरलं. मग सोडलं, तर ते खाली गेलं नाही, तसंच तरंगत राहिलं.

वॉल्टने चार्टवर त्या खड्ड्याला माझं नाव दिलं. अजून तेच आहे.

*

पहिलं सोनं डॅनीला सापडलं. अंगठी. तो वर येतानाच हसत होता, मास्कमधून दिसत होतं. वॉल्टने ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि आत अडकलेली वाळू टोकरायला लागला. ती वाळू नव्हती. बोटाचं हाड होतं.

डॅनीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. त्याला ते आवरायचं सुचेना.

माणसाची हाडं सापडली की काम थांबवून राज्य सरकारला कळवावं लागतं. तिथून एक बाई आल्या, एक फॉर्म घेऊन. भरायचं काम माझ्याकडे. हा फॉर्म कुठल्याही मृतदेहासाठी असतो, मग तो कालचा असो की चारशे वर्षांपूर्वीचा. ओळख पटली का? नाही. नातेवाइकांना कळवलं का? मी 'नाही' लिहिलं.

वॉल्ट मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "'अजून नाही' असं लिही."

मला वाटलं गंमत करतोय. वर बघितलं तर तो हसत नव्हता. मी 'अजून नाही' असं लिहिलं.

*

अधूनमधून पैसे गुंतवणारी मंडळी बोट बघायला यायची. एकदा डॅलसचं एक जोडपं आलं. पंधरा मिनिटांत त्या बाईंना बोट लागली, तरी त्यांना खजिना बघायचाच होता. दाखवण्यासारखं काही नव्हतं. वॉल्टने त्यांच्या हातात एक गुळगुळीत दगड दिला. जहाज कलंडू नये म्हणून तळाशी भरायचे, त्यातला.

"हा स्पेनमधल्या नदीतला आहे," तो म्हणाला.

बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. "जहाजावरची किती माणसं वाचली?"

"दगड वाचले," वॉल्ट म्हणाला.

*

रोझाचा किस्सा ती स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एका सकाळी जागेवर जात होतो. पाण्यात काहीतरी दिसलं. लोखंडी पत्रा, प्लॅस्टिकची पिंपं, मध्ये ट्रकचं इंजिन बसवलेली घरगुती होडी. क्युबातून माणसं अशा होड्यांतून निघतात. आत पाण्याचे रिकामे कॅन, एक स्वेटर, लहान मुलाची एक चप्पल. माणूस कुणी नाही.

कोस्ट गार्डने अशा होडीतून माणसं उचलली की होडीवर रंगाने मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणी शोधत बसायला नको. रोझाने आधी तेच विचारलं, "लिहिलंय का?"

वॉल्टने होडीला पूर्ण फेरी मारली. कुठल्याच बाजूला काही लिहिलेलं नव्हतं.

त्याने रेडिओवरून कळवलं. मग मला म्हणाला, "मॅग वर घे." दिवसभर आम्ही चौकोन आखून शोधलं, खजिना शोधतो अगदी तसंच. ओळी मी आखल्या, प्रवाह किती, वारा कुठला, सगळं धरून. मला येतं ते एवढंच. डॅनी बोटीच्या छपरावर दुर्बीण घेऊन उभा होता. दुपारी कंपनीच्या मालकाचा फोन आला, आज जागेवर का नाही म्हणून. वॉल्ट म्हणाला, "मॅग बिघडलंय," आणि फोन ठेवला.

कुणी सापडलं नाही. संध्याकाळी परत निघालो तेव्हा रोझा सकाळनंतर पहिल्यांदा बोलली.

"आम्ही आलो तेव्हा अकरा जण होतो," ती म्हणाली. "आई नेहमी नऊ सांगायची. मोठी झाल्यावर मी आठवून आठवून मोजलं. अकरा होतो."

*

डॅनी गेला तो दिवस अगदी साधा होता. वारा नव्हता, पाणी काचेसारखं होतं. वाळूत खणलेल्या खड्ड्यात तो एकटा काम करत होता, रोझा वर विश्रांती घेत होती. हवा बोटीवरच्या मशीनमधून लांब नळीने खाली जाते. खड्ड्याच्या कडेचा खडकाचा एक तुकडा सरकला आणि नळीवर बसला. डॅनीचा पाय त्याच्याखाली.

पाण्यावरचे बुडबुडे थांबले ते मी बघितलं. मी ओरडले. रोझाने कपडेसुद्धा बदलले नाहीत, तशीच उडी मारली. मी कठडा धरून उभी होते. मला खाली सगळं दिसत होतं, रोझा त्या खडकाशी झटतेय तेसुद्धा. आणि मी उभी होते.

तिने त्याला वर आणलं. वॉल्टने मला व्हीलवर ढकललं आणि तो आणि रोझा आळीपाळीने डॅनीची छाती दाबत राहिले. वॉल्ट मान वर न करता मला दिशा सांगत होता. "थोडं डावीकडे. सरळ. सरळच राहू दे." किनारा येईपर्यंत त्याचा आवाज बदलला नाही.

महिन्याभराने डॅनीची आई आली. छोट्या चणीची, शाळेत लायब्ररियन. तिला ती जागा बघायची होती. वॉल्टने इंजिन बंद केलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची वाळू, तिच्यावरून जाणारे मासे, सगळं दिसत होतं.

"किती खोल आहे?" तिने विचारलं.

"वीस फूट," वॉल्ट म्हणाला.

ती वाकून बघत राहिली.

"एवढंच?"

वॉल्टने इंजिन सुरू केलं.

परतताना ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "तुला पोहता येत नाही हे डॅनीने फोनवर सांगितलं होतं. त्याला तुझी फार काळजी वाटायची."

त्या हिवाळ्यात मी कम्युनिटी पूलमध्ये नाव घातलं. बॅचमधली बाकीची सगळी मुलं पहिलीतली. शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "आत्ता या वयात का शिकावंसं वाटलं?"

"ऑफिससाठी," मी म्हटलं.

*

आता हा शेवटचा. तो मी शुगर लँडला कधी सांगितलेला नाही.

डॅनीनंतर दोन वर्षांनी. नवा डायव्हर मालकाने दिला नव्हता, तिघंच होतो, खाली उतरायला एकटी रोझा. सकाळची वेळ, समुद्र शांत. मी स्क्रीनसमोर होते. आधी एक छोटा आकडा आला. मग जरा मोठा. मग सरळ रेषेत एकामागून एक, वाढत जाणारे, आणि शेवटी एका जागी गर्दी. मी अकरा वर्षं असे आकडे वाचतेय. जहाज फुटत फुटत वाहत जातं तेव्हा मागे लोखंड कसं सांडत जातं ते मला कळतं. आणि ते कुठे थांबतं तेही.

मी वॉल्टला हाक मारली.

त्याने चष्मा लावला. पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू शेवटपर्यंत नेलं. मग पुन्हा पहिल्यापासून नेलं.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"आत्ताच आलंय."

"ऊठ जरा," तो म्हणाला, आणि माझ्या खुर्चीत बसला. बसूनच राहिला. मी त्याच्या मागे उभी होते, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मग त्याने फाइल बंद केली. सेव्ह करायची का, असं स्क्रीनने विचारलं. त्याने 'नो' दाबलं.

रोझा डायव्हिंग सूट घालून दारात आली होती. "काही आहे?"

"काही नाही," वॉल्ट म्हणाला. "लॉब्स्टरचे जुने सापळे."

कीजमध्ये लॉब्स्टरचे सापळे लाकडाचे असतात, मॅगला ते कळतच नाहीत. रोझाचे वडील आयुष्यभर तेच बनवत आले.

तिने वॉल्टकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"असतात इथे," ती म्हणाली, आणि सूटची चेन उघडायला लागली.