तीनदा उतरून, पूर्ण थांबून

शेपटाखाली चाक असलेलं विमान म्हणजे नाठाळ बैल. उतरलो एकदाचे म्हणून जरा हुश्श केलं की मागची बाजू गर्रकन पुढे यायला बघते. म्हणून आम्हा वैमानिकांचा नियम कडक. शेजारी कुणाला बसवायचं असेल तर गेल्या नव्वद दिवसांत तसल्याच विमानातून तीनदा उडून तीनदा उतरायचं आणि दर वेळी पूर्ण थांबायचं. चाकं टेकवून तसंच परत उडालात, तर ते धरत नाहीत.

मला हे माहीत नव्हतं असं नाही हो! पण त्या संध्याकाळी घाटकोपरला परतायची घाई होती, हायवे तुंबणार होता. तीनपैकी दोनदा नुसती चाकं टेकवून उडाले आणि उड्डाणांच्या वहीत तीन लिहून मोकळी झाले.

बरं, हे सगळं चाललं होतं बाबांसाठी. जुहूला त्यांनी जन्मभर विमानं दुरुस्त केली, पण त्यात बसून वर कधी गेले नाहीत. आता काचबिंदू झाला होता. राहिलेली नजर दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. "एकदा वरून बघू दे गं," एवढंच बाबांनी मागितलं होतं.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी शहराबाहेरच्या धावपट्टीवर ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या उजवीकडे बसले. पट्टा लावला आणि विचारलं, "तिन्ही वेळा पूर्ण थांबलीस ना?"

गप्प बसायचं ना माणसाने! मी 'हो' म्हणणार होते, पण जीभ रेटेना.

"एकदाच."

त्यांनी पट्टा सोडला. "मग अजून दोनदा जाऊन ये. मी खाली थांबतो."

"काय हो बाबा! इथे कोण बघतंय?"

"जा म्हटलं ना."

मी दार आपटून निघाले. एकदा उतरले, थांबले. दुसऱ्यांदा निघणार तोच आडवा वारा सुटला आणि त्या दिवसापुरती उड्डाणं बंद झाली. पुढच्या रविवारी पाऊस. मातीची धावपट्टी, पाच महिने कुलूप. वाट लागली सगळ्याची. त्या मेमधल्या रविवारी परतताना गाडीचं दारही मी आपटलं होतं. राग त्यांच्यावर काढत होते आणि चूक होती माझी. दहा मिनिटं वाचवली होती मी, फक्त दहा मिनिटं!

दिवाळीनंतर धावपट्टी उघडली. तीनदा उडाले, तीनदा थांबले. तोवर बाबा समोरचा चहाचा कप चाचपून शोधायला लागले होते.

"आता कशाला गं? पेट्रोल फुकट," ते म्हणाले. मी तरी नेलंच.

वर गेल्यावर म्हटलं, "बाबा, नदी आली."

ते लगेच खिडकीच्या काचेला नाक लावून बसले. "काय झकास दिसतेय गं! वळण बघ कसलं घेतलंय!"

नदी डावीकडे होती, माझ्या बाजूला.

"हो ना बाबा," मी म्हणाले.