अंजनाच्या उतारावरचे आबा

आमच्या वनखात्यातल्या भल्याभल्या साहेबांना नापास करण्याचा अधिकार सरकारने कुणाला दिला असेल-नसेल, पण शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहणाऱ्या आबांनी तो परस्पर घेऊन टाकला आहे. नवा अधिकारी आला की आबा त्याला आधी रानात नेतात. खोडावर हात फिरवायचा, साल नखाने खरवडून हुंगायची आणि विचारायचं, “सायेब, हाई कसानं झाड शे?” साहेब चुकले की आबांचा चेहरा असा खुलतो की विचारू नका. “झाडं वळखतस नही नि जंगल राखाले निंघनात!” मी कचेरीतला साधा कारकून, फैजपूरच्या केळीबागेत वाढलेला, पण मलाही त्यांनी सोडलं नाही. मी चारोळीला बेधडक बिब्बा म्हणालो, तेव्हापासून आबा मला भर सभेत ‘केयवाला’, म्हणजे केळीवाला, म्हणतात. कचेरीत आले तरी खुर्चीवर बसत नाहीत. “आमनाच डोंगरनं सागवान शे हाई. वळखनं निंघनं तं?” असं म्हणून ते फरशीवर मांडी घालतात, आणि मग साहेबांनाही बसवत नाही.

यंदा पाड्याने आणि खात्याने मिळून जंगल राखायचा आराखडा करायचा होता. नकाशात पश्चिमेचा उतार ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवला होता आणि तिथे साग लावायचं ठरत होतं. आबा भडकले; त्यांच्या मते तो सगळा उतार अंजनाच्या झाडांनी भरलेला होता. “मोकयी? बठ्ठा उतार अंजनना शे! मना आजानं राखेल!” ग्रामसभेचे अध्यक्ष तेच, आणि अंगठा द्यायला त्यांचा साफ नकार. नुकत्याच आलेल्या आमच्या नव्या वनाधिकारी मॅडम शांतपणे म्हणाल्या, “चला आबा, बघून येऊ.”

आबा पुढे, मी धापा टाकत मागे. वर पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. “हाई अंजन.” हात हवेतच राहिला. दोन पावलं सरकून पुन्हा हात केला, तिथेही काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांचे डोळे केव्हाचेच अधू झाले होते. वाट पायांना पाठ होती आणि आमच्या परीक्षा ते नुसत्या हातांनी घेत होते. नकाशा खरा होता.

आबा खाली बसले. चाचपडत त्यांचा हात एका जुन्या खुंटावर गेला आणि तिथेच थांबला. खुंटावर बोटं फिरवत म्हणाले, “आमनाच पोऱ्यास्नी तोडं व्हई. घरं बांधाले.”

मॅडम त्यांच्याशेजारी मातीतच बसल्या. आराखड्यातला ‘साग’ खोडून त्यांनी ‘अंजन’ लिहिलं आणि आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग जरा संकोचून म्हणाल्या, “पण आबा, अंजन फार सावकाश वाढतं. ते मोठं होईपर्यंत माझी बदली झालेली असेल.”

“मनी बी व्हयेल ऱ्हाई, माय,” आबा म्हणाले आणि अंगठा पुढे केला. कागदावरची जागा त्यांना दिसेना, म्हणून तो मी धरून टेकवला.