चांदीच्या पाण्याची चोरी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या गावात कोण सापडला, हे बायकोला विचारावं लागतं. पनवेलचा हा एक तपास मात्र जसाच्या तसा लक्षात राहिलाय. नावं कोणाचीच सांगणार नाही. माझी सोडून सगळ्यांची अब्रू अजून शिल्लक आहे.

सकाळची हजेरी आटोपून मी ड्यूट्या वाटत होतो. तेवढ्यात एक कारखानदार प्लास्टिकची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, आधी वास घ्या." घेतला. दूध नासल्यासारखा वास. म्हटलं, हे काय आहे? तर म्हणे, हात धुवायचं लिक्विड. पळस्प्याच्या पुढे त्याचा छोटा कारखाना होता आणि माल दवाखान्यांत जायचा. खांदा कॉलनीतल्या एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कॅन परत पाठवले होते. नशीब, त्या बाईंना नवा कॅन उघडल्यावर आधी वास घ्यायची सवय होती.

"जंतू मारायचं लिक्विड, आणि त्यातच जंतू?" मी विचारलं.

"तेच तर, साहेब. त्यात चांदी असते. आता तपासून आणलं, तर चांदीच नाही. कोणीतरी काढतंय."

चांदी म्हटल्यावर पोलिसाचे कान टवकारतात. गुन्हा दाखल केला आणि दुपारी कारखान्यावर गेलो.

कारखान्याचा केमिस्ट चष्मा लावलेला, अबोल माणूस होता. त्याने काळ्या काचेची एक बाटली दाखवली. आत पाण्यासारखं पाणी. चांदीचा क्षार शुद्ध पाण्यात विरघळवलेला, असं त्याने सांगितलं. एवढी एक बाटली खोलीएवढ्या टाकीला पुरते आणि पुढे महिनोन्‌महिने तो माल नासत नाही. चांदी, तांबं, जस्त यांचे असे क्षार असतात, जंतूंना त्यांच्यापुढे जगताच येत नाही. मला आमच्या आजीचा तांब्याचा हंडा आठवला. ती त्यातलंच पाणी प्यायची आणि का, ते तिला सांगता यायचं नाही. टाकीच्या काठावर उभा राहून मी बराच वेळ आत बघत होतो. एवढ्या मोठ्या टाकीची राखण ओंजळभर पाणी करतं, हे मला खरंच वाटेना.

केमिस्टने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिनेच पुढचा घोळ केला. हे पाणी हाताला लागलं तर तेव्हा काही दिसत नाही, पण ऊन लागलं की तिथे काळा डाग पडतो आणि साबणाने तो जात नाही.

बाटल्यांच्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे असायची. पनवेलच्याच मोहल्ल्यातला, पन्नाशी ओलांडलेला कोकणी मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. आधी बरीच वर्षं आखातात काढलेली, आणि आता तिकडच्याच एका गोदामात पुन्हा नोकरी लागत होती. त्यासाठी पोलीस क्लिअरन्स हवा होता. त्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडलेला होता. हे कळल्यावर माझ्या डोक्यात चक्र फिरलं. देश सोडून जाणारा माणूस, हातात किल्ली, बाटलीत चांदी. मी त्याला म्हटलं, "हात दाखव." उजव्या हाताच्या तीन बोटांवर काळे डाग होते.

मी मनातल्या मनात तपास संपवून टाकला. पोलिसाने करू नये ते हेच.

त्याला घरून जीपमध्ये घेतला, तोही सकाळी, दूध आणायला निघालेल्या सगळ्या गल्लीच्या देखत. तीन दिवस रोज चौकशीला बोलावलं. मारहाण केली नाही, करतही नव्हतो, पण शब्दांनीही माणूस सोलता येतो. तेच तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले. त्याचं उत्तर कधी बदललं नाही.

"साहेब, खुदाची कसम, बाटली मी सीलबंद दिली. टाकीत गेली. जी टाकीत गेली ती टाकीतच असंल ना?"

"मग तपासणीत का सापडत नाही?"

"ते मला कसं मालूम होणार, साहेब?"

"आणि बोटांवर डाग?"

"रिकाम्या बाटल्या परत मीच घेतो, डाग पडणारच."

मला ते उत्तर चोराचं वाटलं. घरझडती घेतली, पंचनाम्यात लिहिण्यासारखं काही मिळालं नाही. बाजारातल्या सोनारांना विचारलं, कोणीच त्याला ओळखत नव्हतं. त्याच्या क्लिअरन्सच्या अर्जावर मी 'चौकशी प्रलंबित' असा शेरा मारला. तिकडची नोकरी थोडेच दिवस थांबणार होती. हे त्यानेच मला सांगितलं होतं, हात जोडून. "साहेब, कागद अडला तर मी संपलो. आणि लोक बोलणार, चोर होता म्हणून अडला." मी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

चौथ्या दिवशी ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, बाहेर एक बाई आलीय आणि साहेबांशिवाय कोणाशी बोलत नाही. ओवे गावाकडची, चाळिशीची, कारखान्यात टाकी भरणारी. खुर्ची दिली तर बसली नाही. टेबलावर दोन्ही पंजे पालथे टाकले.

"साहेब, माजे हात बगा. माज्या पन बोटांना डाग हायत. मंग मला का नाय बोलवलं?"

मी वाकून बघितलं. डाग होते, चाचापेक्षा जास्त होते.

"तुम्ही टाकीत बाटली ओतता?"

"आमी ओततो. चाचा निसता काडून देतान. त्यांनी चोरली तर मी बी चोरली. लिवा माजं नाव."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर आपलं नाव गुन्ह्यात घाला म्हणून कोणी आलं नव्हतं. लोक काढा म्हणून येतात. त्या बाईला पोटापाण्याची भीती नव्हती असं नाही. तरी ती आली होती. आणि मला पहिल्यांदा सुचलं की सगळ्यांचे हात बघायचे सोडून मी एकाचेच बघितले. ज्याच्यावर आधीच संशय होता, त्याचेच.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन कारखान्यावर गेलो. म्हटलं, रोज करता तसंच करा, पहिल्यापासून, एकही गोष्ट गाळू नका. चाचाने कपाट उघडून सीलबंद बाटली दिली. बाईने टाकीत पाणी सोडलं. मग कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडला आणि दोन्ही हातांनी भरभरून पांढरं काहीतरी पाण्यात टाकलं.

"थांबा!" मागून केमिस्ट ओरडला. "हे काय टाकलंत?"

"मीठ," बाई म्हणाली. जणू कोणी आमटीत काय घातलं म्हणून विचारलं असावं. "मीठ घातल्याशिवाय लिक्विड घट नाय येत. तुमची ती घट करायची पावडर मध्ये संपली व्हती ना, तवापासून घालतो. आमच्या बापाचं मिठागर व्हतं. मिठाचं आमाला शिकवायला नको."

आणि खरंच, ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मिठाने साबणाचं लिक्विड दाट होतं. गिऱ्हाइकं खूश होती, मालक खूश होता, आणि लिक्विड एवढं छान दाट कसं होतंय हे विचारायला केमिस्ट कधी वरच्या खोलीतून खाली उतरला नव्हता. तिनेही सांगितलं नाही. मीठ घातलं हे कोणी सांगत बसतं का?

केमिस्टने बाटलीचं सील तोडलं. त्याने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, डब्यातलं चिमूटभर मीठ विरघळवलं आणि काळ्या बाटलीतले चार थेंब वरून सोडले. नितळ पाण्यात नितळ पाणी. आणि आमच्या डोळ्यांदेखत ग्लासात दही लागलं. पांढरे गोळे धरले आणि हळूहळू खाली बसले. वरचं पाणी पुन्हा नितळ.

"चांदी मिठाला चिकटते आणि खाली बसते," तो म्हणाला. "मग वर काहीच उरत नाही."

बाटली ओतून माणसं जेवायला जात आणि साबण नंतर पडे. तेवढ्या वेळात चांदी तळ गाठायची. माल बाहेर काढायचा नळ तळापासून वीतभर वर होता.

टाकी रिकामी करायला लावली. एक माणूस आत उतरला आणि त्याने तळाचा गाळ पातेलीत भरून दिला. पांढरा, चिकट, भिजवलेल्या रांगोळीसारखा. केमिस्टने तो एका स्टीलच्या ताटात पसरला आणि ताट अंगणात उन्हात ठेवलं. म्हणाला, बघत राहा.

आम्ही बघत राहिलो. मी, दोन पंच, हवालदार, मालक, चाचा, ती बाई. आधी कडेने जांभळट छटा आली. मग ती आत सरकली. मग राखाडी. पाहता पाहता सगळा पांढरा गाळ काळपट झाला, नुसत्या उन्हाने, कोणी हात न लावता. एका पंचाने नकळत हात जोडले. माझं तोंड उघडं होतं, हे हवालदाराने मला नंतर सांगितलं. आठवडाभर ज्या चांदीसाठी मी सोनारांच्या पेढ्या झिजवल्या, माणसाचं घर उपसलं, ती एका ताटात पडून सूर्यापुढे आपली साक्ष देत होती. एवढा सच्चा साक्षीदार मला पुन्हा कधी मिळाला नाही. गाळ मुद्देमाल म्हणून सील केला. पुढे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, चांदीच.

बाई मात्र मटकन खाली बसली. "म्हंजे मीच केलं? ती पोरं जल्मतात तिथं जायचं ते लिक्विड मीच नासवलं?" चाचा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "तुला मालूम नव्हतं, बहेन. मालूम असतं तर तू टाकलं असतं का?" तीन दिवस माझ्यापुढे बसलेला माणूस हे बोलत होता. मालकाकडे वळून त्याने तिथल्या तिथे सांगितलं, हिला काढलं तर माझ्या जागी दुसरा माणूस शोधा, आजच. मालकाने काढलं नाही. मिठाचा डबा तेवढा घरी पाठवला.

न्यायालयात 'सी' समरी पाठवली. म्हणजे तक्रार खोटी नाही, पण गुन्हाही घडलेला नाही, गैरसमज झालेला. कागदावर तपास संपला. चाचाच्या अर्जावरचा शेरा मी स्वतः खोडून सही केली आणि कागद द्यायला स्वतःच त्याच्या घरी गेलो. नोकरी अजून हातची गेली नव्हती, दोन दिवसांची सवड होती.

त्याने खुर्ची पुढे केली. त्याची बायको चहा घेऊन आली. मी कागद दिला आणि जो शब्द नोकरीत कधी कोणा संशयिताला बोललो नव्हतो तो बोललो. म्हटलं, चूक माझी झाली, माफ करा. चाचा संकोचून उभाच राहिला. "असू द्या, साहेब, तुमची ड्यूटी होती."

त्याच्या बायकोने कप ठेवला. आतापर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

"घरात नका बोलू, साहेब," ती म्हणाली. "बाहेर बोला. नेलंत तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने देखलंय."

चहा तसाच ठेवून मी उठलो. टोपी घातली आणि दारात आलो. समोरच्या दुकानावर चार माणसं होती, वरच्या खिडक्यांतून बायका डोकावत होत्या. बंदोबस्तात मोठमोठ्या जमावांपुढे मी ओरडलो होतो, पण त्या दिवशी उंबरठ्याबाहेर टाकलेला पाय एकदा मागे घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवून सांगितलं, या माणसाने काही चोरलं नाही, मी चुकीच्या माणसाला नेलं होतं. दुकानावरचा म्हातारा म्हणाला, "काय बोललात, साहेब? पुन्हा बोला." मी पुन्हा बोललो.