आरशासारखा जिना

काका फरशा घासायचे. दवाखान्यांच्या, दुकानांच्या, बँकांच्या. गुडघ्यांना घट्टे पडले होते. मी त्यांच्या तळमजल्यावर भाड्याने राहायचो. वयात बापलेकाचं अंतर, पण दोस्ती घट्ट. मी साहित्य शिकलेला, म्हणून मला कवी म्हणत.

"कवी, तुमच्या कवितेत तोंड दिसतं का? माझ्या फरशीत दिसतं!"

स्वतःच्या घराला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार. लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. नातवंड येणार, घर चकाचक हवं. कोपऱ्यांत हात जावा म्हणून जिन्याचा कठडा काढला. दगडी पायऱ्या वरून खाली घासत आणल्या. शेवटी मेण चोळलं.

आम्ही खाली उभे राहून बघत होतो. वर त्यांची लेक, ताई, दिसली. नुकतीच न्हालेली, पाय ओले.

"बाबा, काय चमकतंय हो!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ओरडेपर्यंत ती तीन पायऱ्या उतरली होती. चौथीवर पाय सरकला. तिने भिंतीला तळवे लावले. ती तशीच थांबली. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

"बस खाली, बाळा."

"वाकता येत नाही. बाबा, पाय सरकतोय."

मी पोतं आणायला धावलो.

"पोतं नको! मेणावर तेही घसरेल!"

त्यांनी पहिल्या घासणीचा खरबरीत दगड उचलला. खालच्या पहिल्या पायरीवर गुडघे टेकले आणि घासायला लागले. चकाकीवर पांढरे ओरखडे उठले. मग दुसरी पायरी. त्या खरखरीने माझे दात शिवशिवत होते. वर तिची बोटं भिंतीवर पसरली होती, नखं पांढरी. काका एकदा सरकले, हनुवटी आपटली. थांबले नाहीत.

"बाबा, लवकर."

"आलो. पोटातला काय म्हणतोय?"

"लाथा मारतोय."

"मारू दे. तू मारू नकोस."

ती हसली नाही. मीही नाही.

तिच्या खालची पायरी त्यांनी सगळ्यात जास्त घासली. मग तिचा घोटा धरला आणि पाऊल त्या पांढऱ्या भुकटीवर ठेवलं.

"दे वजन."

ती देईना.

"दे. पायरी धरेल."

तिने दिलं. पाऊल हललं नाही.

दोघं एकेक पायरी उतरले. ती खाली आली, सपाट जमिनीवर. तरी पाय उचलेना. बापाच्या गळ्याला धरून, तळवे घासत घासत, खोलीपर्यंत गेली.