रंग उतरण्याआधी

रंगपंचमीच्या आदल्या दुपारी राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं, की आधी नाकाला जाणवतो तो नव्या प्लास्टिकचा उन्हानं तापलेला उग्र दर्प, आणि मागोमाग कानांवर येते त्याची अखंड फडफड. सात मजली राजवाडा, सराफ्यातल्या दुकानांच्या पाट्या, खजूरी बाजारातली पुस्तकांची दुकानं, देवळांच्या कमानी, सगळं निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांत गुंडाळलं जात असतं. शिड्यांवर माणसं चढलेली, खालून कुणी ओरडतंय, "भिया, वो कोना खुल्ला रे गिया!" इतक्या मायेनं एखादं शहर झाकावं, आणि ते कशासाठी? तर दुसऱ्या दिवशी त्याला मनसोक्त भिजवता यावं म्हणून! उरलेल्या जगाची होळी तोवर आटोपलेली असते, नखांतले रंगसुद्धा निघून गेलेले असतात. आमच्या इंदूरचा खरा रंग पाचव्या दिवशी, गेरीचा.

गेर म्हणजे काय, हे इंदूरबाहेरच्या माणसाला समजावता समजावता माझा जन्म गेला. मिरवणूक म्हणावी तर तिला धड अग्रभाग नसतो की शेवट नसतो. पाण्याचे टँकर, ढोल-ताशे, मोठमोठे भोंगे, आणि चौथ्या मजल्यापर्यंत गुलाल उडवणारी ती यंत्रं, ज्यांना आमच्याकडे सरळ 'मिसाइल' म्हणतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये खांद्याला खांदा लावून हलणारं अफाट गाव. तिथे निमंत्रण नाही, ओळख नाही, मानपान नाही. ज्याच्या अंगावर रंग पडला तो आपला, आणि रंग तर सगळ्यांवरच पडतो.

या पाच दिवसांत मला स्वस्थता म्हणून नसते. आता आम्ही सुदामा नगरात राहतो. रस्ते रुंद, फाटकांवर नंबर, शेजारी सुस्वभावी. इथे रंगसुद्धा वेळापत्रकानं खेळतात. बागेत सकाळी नऊ ते अकरा, फुलांचा रंग, नंतर कचोरी-जलेबी आणि सामूहिक फोटो. वाईट काहीच नाही हो त्यात! पण माझं बालपण शीतलामाता बाजारामागच्या एका बोळात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं, आणि त्या बोळाच्या तोंडावरूनच गेर जायची. त्यामुळे होळी झाली की माझे पाय घरात टिकत नाहीत. पुस्तक उघडावं तर ओळ पुढे सरकत नाही, चहा केला तर प्यायचा राहतो. साठीला आलेल्या माणसानं असं करावं का? बायको, सुनंदा, म्हणते, "तुमच्या अंगात गेर संचारते की काय दरवर्षी!"

यंदा मात्र घरात माझ्याहून बेचैन एक माणूस होता. नाना, माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. कापडाच्या गिरणीत ते टाइमकीपर होते. फाटकापाशी बसून आत येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी मांडायची, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. चेहरा दिसताच नाव, आणि नाव घेताच त्या माणसाचं गाव नि खातं ते सांगत. भोंगा वाजायच्या आधी कोण आलं नाही, हे त्यांना न बघता कळायचं म्हणे. अशा माणसाच्या स्मरणातून नावं गळू लागली. आधी शेजारी गेले, मग नातेवाईक, मग माझी दिवंगत आई. आणि गेल्या दोन वर्षांपासून ते मला 'साहेब' म्हणतात. "साहेब, आपल्याला त्रास देतो, जरा पाणी मिळेल का?" इतक्या अदबीनं विचारतात, की ग्लास मीही दोन्ही हातांनी पुढे करतो. सुरुवातीला मी चिडायचो. "नाना, मी नंदू! तुमचा नंदू!" असं ओरडायचोसुद्धा. ते संकोचून हसत आणि म्हणत, "हो का? वा वा, छान नाव आहे." त्यानंतर मी ओरडणं सोडलं. ओरडून कुणाच्या मनात शिरता येतं का?

पण होळी पेटली त्या संध्याकाळपासून नाना येरझारा घालू लागले. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. "साहेब, गेर कधी आहे?" कामवालीला तेच, दूधवाल्याला तेच, "भिया, गेर कब है?" मुलाला विसरले, बायकोला विसरले, आणि गेर तेवढी लक्षात! खरं सांगतो, मला गेरीचा मत्सर वाटला. आणि त्या मत्सराच्या पोटातच एक लोभ उपजला. वाटलं, तिथे, त्या बोळाच्या तोंडाशी, त्या ढोलांच्या गजरात, गुलालाच्या त्याच वासात बसवलं तर यांना मीसुद्धा आठवेन. एकदाच. एका हाकेपुरता. बाकी काही नको होतं मला.

"अहो, वेडबीड लागलंय का तुम्हाला?" सुनंदा कळवळून म्हणाली. "त्या धक्काबुक्कीत नानांना नेणार?" मी तिला समजावलं. प्रकाश जैन माझा शाळेपासूनचा सोबती, त्याचं साड्यांचं दुकान त्या बोळाच्या तोंडाशीच, गेरीच्या रस्त्यावर आहे. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून नानांना बसवणार, गर्दीत पाऊलसुद्धा ठेवणार नाही. मग तिनं रोजची आठवण दिलीच, "खिशातली चिठ्ठी बघून घ्या." नानांच्या रोजच्या सदऱ्याच्या खिशात आमचा पत्ता नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. मी हो म्हणालो. आणि मग, इंदूरचा माणूस रंगपंचमीला जे करतो तेच केलं. कपाटाच्या तळातून सर्वांत जुना, विटलेला सदरा शोधून काढला आणि मोठ्या हौशीनं नानांना घातला. चिठ्ठी रोजच्या सदऱ्यात, खुंटीवर राहिली.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही प्रकाशच्या गॅलरीत होतो. खाली रस्ता दिसत नव्हता, फक्त माणसं दिसत होती. नाना खुर्चीच्या कडेवर बसून पुढे वाकले होते, आणि त्यांचा उजवा पाय ढोलाबरोबर हलत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, गेरीकडे नाही. आता ओळखतील, आता वळतील. "साहेब, बडी रौनक आहे हं!" ते म्हणाले. मी हसलो, पण आतून खट्टू झालो. एवढ्यात खालून मिसाइल सुटलं आणि गॅलरी लाल होऊन गेली. डोळे, नाक, घसा, सगळीकडे गुलाल. मी आणि प्रकाश खोकत, हसत, तोंड पुसत राहिलो. मिनिटभर काही दिसलं नाही. दिसू लागलं तेव्हा नानांची खुर्ची रिकामी होती.

जिन्यावर नाहीत, दुकानात नाहीत, दारात नाहीत. मी गर्दीत घुसलो. म्हाताऱ्या माणसाला गर्दीत कसं शोधायचं? पांढऱ्या केसांवरून, सुरकुत्यांवरून. पण त्या दिवशी त्या रस्त्यावर एकही केस पांढरा नव्हता! सगळे गुलाबी, सगळे हिरवे-लाल, सगळे एका वयाचे. मी ज्याला-त्याला धरून चेहरा निरखत होतो. "अरे काका, टेन्शन मत लो, होली है!" म्हणत एकानं माझ्या डोक्यावर आख्खी बादली रिती केली. जिथे बालपण गेलं त्या रस्त्यावर मी परका झालो होतो. ज्या रंगासाठी पाच दिवस झुरलो, त्याचा मला त्या क्षणी मनापासून राग आला. आणि स्वतःचा त्याहून अधिक. कशाला आणलं मी त्यांना? त्यांच्या सुखासाठी? छे! माझ्या नावाची हाक ऐकायला.

प्रकाशनं ओरडून सांगितलं, चौकात पोलिसांचा मंच आहे, तिथे नाव दे. ताडपत्र्यांत गुंडाळलेल्या राजवाड्याच्या दिशेनं मी अक्षरशः ढकलला जात होतो. भोंग्यांतल्या गाण्यांच्या मधूनमधून हरवलेल्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. कुणाची चावी सापडली होती, कुणाचा चष्मा. मग एक बाईचा आवाज: "एक बच्चा खो गया है. उम्र सात साल, पीली बुशर्ट पहनी है. जिस किसी को मिले, राजवाड़ा चौक में पुलिस मंच पर लेकर आए. बच्चे के पिताजी बहुत परेशान हैं." माझ्या मनात आलं, बिचारा बाप! माझ्यासारखाच फिरत असेल कुणी. आणि मी पुढे ढकलला गेलो. जरा वेळानं तीच घोषणा पुन्हा झाली, आणि या वेळी त्या आवाजानं पुढे जोडलं, "बच्चे का नाम नंदू है. पिताजी मिल में टाइमकीपर हैं."

गिरण्यांचे भोंगे बंद होऊन किती वर्षं लोटली! या शहरात आता टाइमकीपर कुठला?

मी त्या मंचापर्यंत कसा पोहोचलो, मला खरंच सांगता येणार नाही. नाना एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, नखशिखान्त रंगलेले, हातात पाण्याची बाटली. शेजारी एक तरुण महिला पोलीस उभी होती आणि नाना तिला कळवळून सांगत होते, "बेटा, फिर से बोलो ना, उसको आवाज़ दो. इतना-सा है. डर गया होगा." मी समोर जाऊन उभा राहिलो. काय म्हणणार होतो? साहेब आले, म्हणू?

नानांनी वर पाहिलं. माझे पांढरे केस त्या बादलीखाली लाल झाले होते, सुरकुत्या गुलालानं बुजल्या होत्या, चष्मा खिशात होता. दोन वर्षं ज्या चेहऱ्यावरून त्यांची नजर घसरून जात होती, त्याच चेहऱ्यावर ती थांबली, स्थिरावली, आणि पेटली. "नंद्या!" ते ताडकन उठले. "गाढवा, कुठं होतास? हात सोडू नको म्हणून किती वेळा सांगितलं? जीव घेशील माझा एखाद दिवस!" आणि त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की हातातलं घड्याळ रुतलं. दोन वर्षांनी कुणीतरी मला गाढव म्हणालं होतं! मी भर चौकात, साठीचा माणूस, मान खाली घालून म्हणालो, "चुकलो, नाना."

"दादाजी, बच्चा किधर है?" त्या पोरीनं गोंधळून विचारलं.

"ये क्या! यही तो है," नाना म्हणाले, जरा रागावूनच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला उमजलं. डोळ्यांशी हात नेत, रंग गेल्याचं निमित्त करून, ती म्हणाली, "हाँ दादाजी, मिल गया. अब इसका हाथ मत छोड़ना, हं."

त्यांनी सोडला नाही. गर्दीतून बाहेर पडताना नाही, रिक्षात नाही. मागे चौकात सफाईवाल्यांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. आमच्या शहराला स्वच्छतेचं भारी वेड. शेवटची गेर पुढे सरकते न सरकते तोच झाडू फिरतो, पाणी मारलं जातं, आणि दुपारच्या चहापर्यंत तो रस्ता असा लख्ख होतो, की तिथे सकाळी काय घडलं याचा माग राहत नाही. एरवी मी याचा अभिमान मिरवतो. त्या दिवशी मात्र त्या गाड्यांकडे बघवेना. रिक्षात नाना बोलत होते. उद्या शाळा आहे, मालूम आहे ना? गणिताची वही कुठं आहे? आईला काही सांगू नको, ती उगाच घाबरेल. मी सगळ्याला हो म्हणत होतो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी बोलणी खाल्ली नसतील.

घरी सुनंदानं दार उघडलं. प्रकाशचा फोन तिला आधीच येऊन गेला होता; रोजचा सदरा हातात घेऊन ती उभी होती, डोळे सुजलेले. ती काही बोलणार एवढ्यात नानांनी तिला सांगितलं, "बाई, सापडला हो आमचा नंदू." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सदरा तोंडाशी धरून आत निघून गेली.

मग मी आंघोळ टाळू लागलो. आधी चहा घेतो म्हणालो. मग प्रकाशला फोन केला. मग अंगणात, उन्हात बसून राहिलो. सुनंदा दोनदा येऊन गेली, पण नेहमीसारखं 'फरशी घाण होतेय' म्हणाली नाही. अंगावरचा रंग वाळून ताणायला लागला होता, तरी मी हलत नव्हतो. नाना शेजारी बसले होते, नळाखाली हात-तोंड धुऊन स्वच्छ झालेले, आणि माझं मनगट पुन्हा त्यांच्या मुठीत होतं. किती वेळ असं बसता येईल? एक दिवस? दोन? माणूस कुठवर न धुता राहील?

शेवटी त्यांनीच माझा हात सोडला. "नंद्या, ऊठ. रंग वाळला की खाज सुटते. जा, आधी आंघोळ कर."

सांगा, वडील असं बापासारखं सांगत असताना नाही कसं म्हणायचं? मी उठलो. न्हाणीघरात गेलो, दार ओढलं आणि नळ सोडला. आरशात बघण्याचं धाडस झालं नाही. पहिलं तांब्याभर पाणी डोक्यावरून घेतलं, ते लालभडक होऊन पायांवरून वाहत गेलं. मी हात थांबवला. तेवढ्यात दारापलीकडून, अगदी जवळून, नानांचा आवाज आला.

"कानामागचं नीट घास रे. मी इथंच आहे."

मी खूप वेळ, खूप सावकाश, कानामागेच घासत राहिलो.