पुसलेला तळवा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी साल्साचा क्लास असतो. वजन उतरावं म्हणून मी जाते. तिथली पद्धत अशी, की सर "चेंज!" म्हणाले की बायकांनी पुढच्या जोडीदाराकडे सरकायचं.

परवा माझ्या पुढची रेवा जोसेफकडे सरकली. जोसेफ नायजेरियाहून शिकायला आलाय, पलीकडच्या इमारतीत राहतो. ओला केर उचलावा तसा तिने त्याचा हात दोन बोटांनी धरला. सर गाणं बदलायला थांबले, तेव्हा त्याच्यासमोरच तिने रुमालाला खसाखसा हात पुसला.

"घाम येतो का गं त्याला?" मी विचारलं.

"नाही हो काकू. पण कसंतरीच वाटतं ना!"

मला किळस आली, ती रेवाची. आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून क्युबाच्या उसाच्या मळ्यांत नेलेल्या माणसांनी हा ठेका जपला. स्पॅनिश गाण्यांत तो मुरला, पुढे न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत साल्सा या नावाने गाजला. आता तो रेवाच्या कमरेला चालतो. ज्यांचा आहे त्यांचा हात तेवढा चालत नाही.

"मग गाण्यातले ते ढोलही बंद करायला सांग," मी म्हटलं. "तेही त्यांचेच आहेत."

"काकू, तुम्ही पण ना!" ती हसली.

नवं गाणं लागलं. "चेंज!"

मी हात पुढे केला. जोसेफने आधी आपला कोरडा तळवा पँटला नीट पुसला आणि मगच माझ्या हातात दिला.